गाडी खाली, बॅटरी उशाशी

रात्री नऊ-दहाच्या सुमारास साताऱ्यात गोडोली-शाहूपुरीकडे किंवा सांगलीत विश्रामबागेत एखाद्या अपार्टमेंटच्या जिन्यात थोडा वेळ उभे राहिले, तर नव्या काळातले एक दृश्य दिसते. कामावरून परतलेला माणूस एका खांद्याला डब्याची पिशवी अडकवून, दुसऱ्या हातात स्कूटरची दहा-बारा किलोची बॅटरी घेऊन तिसऱ्या मजल्याकडे चाललेला असतो. घरात गेल्यावर ती बॅटरी टीव्हीच्या शेजारी, चपलांच्या रॅकजवळ किंवा थेट पलंगालगत ठेवली जाते. एक्स्टेंशन बोर्डची पिन लागते, लाल दिवा पेटतो आणि घर झोपी जाते.

हा उद्योग तो हौसेने करत नाही. खाली पार्किंगमध्ये सॉकेट नसते. असले तरी 'येथे इलेक्ट्रिक वाहने चार्ज करू नयेत' अशी पाटी असते. सोसायटीला आगीची भीती वाटते, म्हणून बॅटरीला खालून हाकलले जाते. ती वर जाते आणि जिथे माणसे झोपलेली आहेत, दार एकच आहे आणि खिडक्यांना लोखंडी जाळ्या आहेत, तिथे रात्रभर चार्ज होत राहते. भीती खरी आहे, पण तिच्यावर काढलेला तोडगा त्या भीतीपेक्षाही घातक आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत काय घडले ते अनेकांना आठवत असेल. ई-स्कूटरची बॅटरी घरात चार्जिंगला लावलेली होती. त्याच खोलीत आजीजवळ सात वर्षांचा मुलगा झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. मुलगा गंभीर भाजला आणि आठवड्याभराने रुग्णालयात दगावला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला रात्री ई-बाईक चार्जिंगला असताना आग लागली आणि बाप-लेक धुराने गुदमरून गेले. सप्टेंबरमध्येच सिकंदराबादला एका इमारतीत खाली ई-स्कूटरचे दुकान आणि वर लॉज होते. दुकानात आग लागली, धूर जिन्याने वर चढला आणि आठ जणांचा जीव गेला. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या शहरातही २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे मेली. तिथेही कारण बहुतेक वेळा ई-बाईक आणि ई-स्कूटरच्याच बॅटऱ्या होत्या.

भाजणाऱ्यांच्या वॉर्डात आजही बहुतांश रुग्ण गॅस, स्टोव्ह, उकळते पाणी आणि विजेचा धक्का यांचेच असतात. लिथियम बॅटरीने भाजलेला रुग्ण विरळा. त्यामुळे घाबरून गाडी विकायला काढण्याचे कारण नाही. पण या विरळ घटनांमध्ये एक साम्य आहे आणि ते डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाही. बंद जागा, रात्रीची किंवा पहाटेची वेळ आणि झोपलेली माणसे.

लोकांना वाटते, धूर झाला की वास येईल आणि जाग येईल. तसे होत नाही. गाढ झोपेत नाकाची जाणीव फार मंद झालेली असते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी बेशुद्धीत जातो. लिथियम बॅटरीच्या धुरात आणखी एक विषारी वायू असतो, हायड्रोजन फ्लोराइड. तो ओलसर पृष्ठभाग शोधतो, म्हणजे डोळे, घसा, श्वासनलिका. सुरुवातीला फक्त घसा खवखवतो आणि काही तासांनी सूज येऊन श्वास अडू लागतो. आगीतून 'सहीसलामत' बाहेर आलेला, अंगावर एकही फोड नसलेला माणूस संध्याकाळपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतो, तो यामुळे.

बॅटरी पेटते कशी, तेही थोडे समजून घ्यायला हवे. लिथियम-आयन बॅटरीत शेकडो लहान सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण बाजू यांच्यामध्ये कागदाहून पातळ पडदा असतो आणि सगळे एका ज्वलनशील द्रवात भिजलेले असते. हा पडदा कुठे फाटला, वितळला, तर आतल्या आत शॉर्टसर्किट होते. सेल तापतो, त्या उष्णतेने आतली रसायने फुटतात, त्यातून आणखी उष्णता आणि प्राणवायू बाहेर पडतो. एक सेल पेटला की शेजारचा तापतो. ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून हवा तोडूनही आग थांबत नाही. फटाक्याची माळ मधेच विझवता येत नाही, तसेच हे.

रात्रभर चार्जिंगला लावली म्हणून चांगली बॅटरी फुटत नाही. बॅटरी भरली की आतले नियंत्रण-सर्किट आणि चार्जर वीज तोडतात. प्रश्न येतो तो हे सर्किट निकृष्ट असेल तर, चार्जर दुसऱ्याच गाडीचा असेल तर, गाडी पडून बॅटरीला मार बसला असेल तर, किंवा स्वस्तात मिळते म्हणून जुने सेल जोडून गल्लीत बांधलेली बॅटरी असेल तर. २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या करून बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यामुळे नव्या गाड्या पूर्वीपेक्षा सुरक्षित आहेत. पण त्याआधी विकलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. मंद गतीच्या, नोंदणी न लागणाऱ्या स्कूटरी आहेत. दुरुस्त केलेल्या बॅटऱ्या आहेत. जिन्याने वर जाणारी बॅटरी यातली कोणती, हे सोसायटीच्या सचिवालाही ठाऊक नसते आणि बऱ्याचदा मालकालाही नसते.

सांगलीला यात आणखी एक भर आहे, पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाण्यात बुडालेली पेट्रोल गाडी मेकॅनिककडे नेऊन इंजिन धुऊन घेता येते. बुडालेली लिथियम बॅटरी उन्हात वाळवून पुन्हा चार्जिंगला लावणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. आत शिरलेले पाणी आणि गाळ सेलच्या जोडण्या हळूहळू खात राहतो आणि आग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही लागू शकते. पुढच्या पुरानंतर पंचनामे होतील तेव्हा भिंती, धान्य आणि फ्रिज यांच्याबरोबर बुडालेल्या बॅटऱ्यांचीही वेगळी नोंद व्हायला हवी. त्या गोळा करून वस्तीबाहेर ठेवण्याची व्यवस्था महापालिकेने करायला हवी.

मुळात गाडी रात्रीच का चार्ज करायची? कारण दिवसा ती बाहेर असते आणि रात्री घरी. शिवाय रात्रीची वीज स्वस्त, हा समज मुरलेला आहे. तो एके काळी खराही होता. औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, मागणी मात्र घटते. म्हणून उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सवलत मिळत असे. गेल्या काही वर्षांत हे गणित उलटले. सौरऊर्जा वाढली, भरदुपारी वीज मुबलक झाली आणि दरातली सवलत रात्रीकडून दिवसाकडे सरकू लागली. संध्याकाळी सूर्य मावळतो, त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही सुरू होतात आणि आता चार्जरही. म्हणजे विजेची चणचण असते नेमक्या त्याच वेळी गाडीची पिन लागते.

त्या वेळी वीज येते कुठून? बरीचशी कोळशातून. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली जी शहरे आहेत त्यांत सांगली आहे आणि चंद्रपूरही आहे. सांगलीतल्या गणपती पेठेत ई-स्कूटरने धूर सोडला नाही ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे महत्त्व कमी लेखू नये. गाडीच्या नळीतला धूर नेमका चालणाऱ्या माणसाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, नाकाच्या उंचीवर सुटतो. पण रात्री दहाला लावलेल्या पिनेसाठी दूर कुठेतरी कोळसा जळतो आणि तो धूर तिथल्या कुणाच्या तरी फुप्फुसात जातो. सांगलीची हवा सुधारताना चंद्रपूरच्या दमेकऱ्याचा विचार करायचा नाही, असे आरोग्यशास्त्रात चालत नाही.

दिवसाच्या विजेचे आरोग्याशी असलेले नाते या दोन जिल्ह्यांना वेगळ्या कारणाने चांगलेच ठाऊक आहे. वर्षानुवर्षे शेतीपंपांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळत आली. वाळवा, शिराळा, कराड भागात ऊस पाजायला रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात बांधावर जाणारा शेतकरी घोणस किंवा नागावर पाय देतो, हे ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेला सांगावे लागत नाही. अलीकडे बिबट्याची भीती वाढली ती वेगळीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम सुरू झाले. त्याचे कौतुक बिलाच्या हिशेबात होते. विषारी सापाच्या दंशातून वाचलेले पाय आणि मूत्रपिंडे कुणी मोजत नाही. सूर्याच्या वेळेला माणसाचे काम जोडले की जीव वाचतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

मग गाड्यांनाही सूर्याच्या वेळेला जोडता येईल का? दोन मार्ग आहेत. गाडी दिवसा चार्ज करायची किंवा दिवसाचे ऊन साठवून रात्री गाडीत भरायचे. दुसऱ्या मार्गासाठी आणखी एक लिथियम बॅटरी लागते, भिंतीवर किंवा जमिनीवर बसवलेली, स्थिर. छतावरच्या सौर पॅनेलची वीज दिवसभर तिच्यात जमा करायची आणि रात्री तिच्यातून गाडी चार्ज करायची. कल्पना देखणी आहे, विक्रेतेही आता गावोगावी पोचले आहेत. पण घेण्यापूर्वी हिशेब मांडावा.

साधारण ई-स्कूटरची बॅटरी तीन युनिटची असते. गावातल्या गावात रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्याला दिवसाला युनिटभर वीज पुरते. एवढ्यासाठी घरात लाखाच्या वर किमतीची दुसरी बॅटरी बसवणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टाकी बांधण्यासारखे. चारचाकीचे गणित थोडे वेगळे. रोज चाळीस किलोमीटर म्हणजे सहा-सात युनिट. छतावरचा तीन किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतो. म्हणजे घर आणि गाडी मिळून तो संच संपतोच. त्यात साठवणुकीची गळती धरावी लागते. शंभर युनिट साठवली तर साधारण पंच्याऐंशी ते नव्वद परत मिळतात.

शिवाय पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान घेऊन पॅनेल बसवणाऱ्याला नेट मीटर मिळतोच. दिवसाची जादा वीज तो ग्रीडला देतो, रात्री परत घेतो. बिलाचा हिशेब जुळतो. हवेचा जुळत नाही, कारण रात्री परत मिळालेली वीज कोळशाचीच असते. पण हा दोष घरोघरी बॅटऱ्या बसवून दुरुस्त करायचा नाही. एकाच घरात दोन लिथियम बॅटऱ्या, एक जिन्याखाली आणि एक पलंगाजवळ, ही प्रगती म्हणता येणार नाही.

साठवण जिथे खरोखर हवी, त्या जागा वेगळ्या आहेत. एसटीचे आगार घ्या. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' धावली, तेव्हापासून एसटीत ई-बस येऊ लागल्या. एका बसची बॅटरी अडीचशे-तीनशे युनिटची. दिवसभर बस रस्त्यावर, म्हणजे मोठे चार्जिंग रात्रीच. दहा बस रात्री एकदम लावल्या तर एका गल्लीच्या नव्हे, आख्ख्या गावाच्या मागणीइतका भार पडतो. अशा आगारात, महामार्गावरच्या चार्जिंग स्टेशनवर, रिक्षांच्या तळावर, महावितरणच्या उपकेंद्राच्या आवारात मोठी साठवण बॅटरी बसवली, तर दुपारचे ऊन रात्री चाकांत जाईल. तिथे माणसे झोपत नाहीत. कुंपण घालता येते, तापमानावर लक्ष ठेवणारा माणूस नेमता येतो, अग्निशमनाची गाडी आत शिरू शकते. दिल्लीत किलोकरीच्या उपकेंद्रात २०२५ मध्ये २० मेगावॉटची साठवण बॅटरी सुरू झाली. ती दोन तास पूर्ण क्षमतेने वीज देऊ शकते. महावितरणनेही अशा साठवणुकीच्या निविदा काढल्या आहेत. त्यात सातारा-सांगलीच्या आगारांचा विचार व्हावा, ही मागणी इथल्या लोकप्रतिनिधींनी आताच करायला हवी. बस आल्यानंतर जागा शोधत बसण्यात अर्थ नाही.

खरे तर सातारा जिल्ह्याला ऊर्जा साठवण नवी नाही. कोयनेचा शिवसागर जलाशय हे दुसरे काय आहे? पावसाळ्यात अडवलेले पाणी, हव्या त्या वेळी पोफळीकडे सोडून वीज करायची. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प संध्याकाळच्या वाढत्या मागणीला काही मिनिटांत धावून येतो, हेच त्याचे मोल. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि तेच पाणी पूर्वेला सोडावे म्हणून दुष्काळात सांगलीतून मागणी होते, ती योग्यच असते. ते पाणी पिण्याचे आहे, सिंचनाचे आहे. प्रत्येक नवा चार्जर संध्याकाळी सातला लागू लागला, तर त्याचे ओझे शेवटी याच पाण्यावर आणि कोळशावर पडणार. खालचे पाणी दिवसा पुन्हा वर चढवणारे उदंचन प्रकल्प हाही एक मार्ग आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प चालू आहे. मात्र तो डोंगर, धरणे आणि विस्थापनाचा विषय आहे, वर्षे लागतात. बॅटरी काही महिन्यांत उभी राहते.

पावसाळ्यातले चार महिने ऊन कमी, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच महिन्यांत चाळकेवाडीच्या पठारावर, वनकुसवड्याला आणि तिकडे ढालगावला पवनचक्क्या सर्वांत जोरात फिरतात, रात्रीही फिरतात. ऊन आणि वारा एकमेकांची रजा भरून काढतात, अशी जागा देशात सगळीकडे नाही.

साठवण बॅटरी कोणती आणि कुठे, यावर मात्र तडजोड नको. लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटऱ्यांपेक्षा जास्त तापमान सहन करतात आणि पेटल्या तरी कमी उष्णता सोडतात. जागा थोडी जास्त व्यापतात, वजन जास्त असते. स्थिर साठवणुकीत त्याने काही बिघडत नाही. त्या अजिबात पेटत नाहीत, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. बिघडलेली एलएफपी बॅटरी ज्वलनशील वायू सोडते आणि तो बंद खोलीत साठला तर स्फोट होऊ शकतो. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथे जानेवारी २०२५ मध्ये साठवण केंद्राला आग लागली, तेव्हा हजाराहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. तिथल्या बॅटऱ्या निकेलच्या होत्या आणि एका जुन्या बंद इमारतीत दाटीवाटीने रचलेल्या होत्या. उघड्यावर, अंतर ठेवून मांडलेले कंटेनर हा त्यातला धडा. आपल्याकडे त्यात दोन भर घालाव्या लागतील. सांगलीत ती पूररेषेच्या वर हवी, तळघरात तर मुळीच नको. आणि जत, आटपाडी, माण, खटावच्या उन्हाळ्यात तिला सावली आणि वारा हवा, कारण चाळिशीपलीकडचे तापमान तिचे आयुष्य झपाट्याने खाते. गाड्यांतून काढलेले जुने सेल साठवणुकीला वापरण्याचा विचार चांगला आहे, पण तो चाचणी करणाऱ्या कारखान्यात व्हावा, वर्कशॉपच्या टेबलावर नव्हे.

पहिला मार्ग, म्हणजे गाडी दिवसा चार्ज करणे, त्याकडे फारच कमी लक्ष गेले आहे. सगळ्याच गाड्या दिवसभर रस्त्यावर नसतात. नोकरदाराची स्कूटर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कार्यालयाच्या आवारात उभी असते, उन्हात तापत. तिच्यावर पत्र्याच्या जागी सौर पॅनेलची शेड आणि खाली सॉकेट एवढेच हवे. साठवण नको, तारांचा पसारा नको. जिल्हा परिषद, न्यायालय, बाजार समिती, महाविद्यालये, साखर कारखाने आणि सरकारी रुग्णालये, सगळीकडे हे शक्य आहे. रुग्णालयात तर दिवसपाळीच्या शेकडो दुचाकी आठ तास हलत नाहीत. दूधवाला आणि पेपरवाला पहाटे फिरून दहाच्या आत घरी येतो. त्याची गाडी दुपारी सहज चार्ज होते. रात्री चार्ज करण्यावाचून गत्यंतर नसलेले लोक उरतात ते रिक्षावाले, घरपोच माल देणारी मुले आणि फिरतीचे नोकर. आगार आणि तळावरची साठवण त्यांच्यासाठी.

आणि ज्यांना घरीच चार्ज करायचे आहे, त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये सॉकेट. निवासी जागेत स्वतःच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांची २०२२ पासून स्पष्ट मुभा आहे. सोसायटीने अडवण्यापेक्षा जागा ठरवून द्यावी. जिन्यापासून, मीटरच्या पेट्यांपासून आणि गॅसच्या सिलिंडरपासून दूर, बाहेरच्या भिंतीला, डोक्यावर पत्र्याची शेड. सोळा अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारे ईएलसीबी आणि खरोखर जमिनीत उतरलेले अर्थिंग. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार बऱ्याचदा भिंतीतच संपलेली असते, ती तपासून घ्यावी. गाडी धावून आल्यावर बॅटरी गरम असते, तिला अर्धा-पाऊण तास निवू द्यावे. कंपनीचाच चार्जर वापरावा. बॅटरी फुगलेली दिसली, गोडसर रासायनिक वास आला, आतून फसफसण्याचा आवाज आला, तर चार्जिंगला न लावता बाहेर मोकळ्यावर ठेवून कंपनीला कळवावे.

ती पेटलीच तर उचलायला जाऊ नये. माणसे बाहेर काढावीत, मागे दार ओढून घ्यावे, जमल्यास मुख्य स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. लिथियमवर पाणी टाकू नये, हा समज शुद्ध लिथियम धातूपुरता खरा आहे. लिथियम-आयन बॅटरीला अग्निशमन दल भरपूर पाण्यानेच थंड करते. विझल्यासारखी वाटली तरी ती काही तासांनी पुन्हा पेटते, म्हणून आत उचलून आणू नये. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, दुसरे काही नाही. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातले काहीही लावलेले असले की रुग्णालयात आधी ते खरवडून काढावे लागते आणि तो त्रास भाजण्याइतकाच असतो. आवाज घोगरा झाला असेल, नाकात-थुंकीत काजळी दिसत असेल, नाकातले केस जळले असतील, तर अंगावर फोड नसला तरी १०८ बोलवावी. जतहून किंवा दहिवडीहून मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत घशाची सूज वाढलेली असू शकते. म्हणून उद्या सकाळी बघू, असे म्हणू नये. धूर बॅटरीचा होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, उपचार त्यावरून बदलतात.

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. रंगकाम, लिफ्टची देखभाल आणि पाण्याचे टँकर यांच्याबरोबर पार्किंगमधल्या सॉकेटचा विषय यंदाच्या विषयपत्रिकेवर घ्यायला एका सभासदाचे पत्रही पुरते. खर्च काही हजारांचा आहे आणि तो ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्याकडून वसूल करता येतो. तोवर ज्याला बॅटरी वर न्यावीच लागते, त्याने ती बाल्कनीत ठेवावी, दाराच्या वाटेत नाही, आणि पिन संध्याकाळी लावून झोपण्यापूर्वी काढावी.